मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला सहा आठवडे द्या



गेल्या पावसाळ्यात निपाणीजवळच्या एका मळ्यात मी घरभेटीला गेलो होतो. सोप्याच्या कोपऱ्यात त्यांचा आखूड पायांचा, लांबट अंगाचा तांबडा कुत्रा पडून होता. आदल्या संध्याकाळी गोठ्याच्या कट्ट्यावरून उडी मारताना तो केकाटला होता आणि सकाळपासून मागचे पाय फरफटत होता. घरधनी म्हणाले, "फादर, आता ह्येचा काय उपेग? हायवेच्या पल्याड नेऊन सोडावा म्हणतो." आजीबाई गरम तेलाने त्याची पाठ चोळीत होत्या. नातू पट्टा ओढून त्याला उभा करीत होता, कारण चालवले की पाय सुटतात असे त्याला कोणीतरी सांगितले होते. तिघांच्याही मनात वाईट काही नव्हते, परंतु तिन्ही उपाय चुकीचे होते.

हे दुखणे पायांचे नव्हे, मणक्याचे आहे. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादीसारखी चकती असते. डॅशहाउंडसारख्या आखूड पायांच्या जातींत ही चकती लहान वयातच कडक होते. मग एखाद्या उडीने ती फुटते आणि आतला भाग मज्जारज्जूवर दाबला जातो. डॅशहाउंडमध्ये साधारण चार-पाचांत एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. यामागील आनुवंशिक दोष कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिला. म्हणून असे दुखणे झालेल्या कुत्र्याची पिल्ले घेऊ नयेत. आपले मुधोळ आणि गावठी कुत्रे लांब पायांचे असल्याने त्यांना हा त्रास त्या मानाने कमी होतो.

पहिले काम म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना दाखविणे. गाडीची धडक बसून मणका मोडला असला तरी मागचे पाय जातात, आणि पिसाळण्याच्या रोगातही पाय लुळे पडतात. म्हणून लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, तर तोंडात हात घालू नका. दुखणाऱ्या जागी हात लागला तर आपला गुणी कुत्राही चावतो. चावा बसलाच किंवा लाळ जखमेला लागली, तर साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्र्याला नेताना उचलून खांद्यावर टाकू नये, फळीवर किंवा ताणलेल्या पोत्यावर पाठ सरळ ठेवून न्यावे.

डॉक्टर पायाचे बोट चिमटीत दाबून पाहतील. पाय मागे ओढला म्हणजे जाणीव आहे असे समजू नये. कुत्रा मान वळवतो का, केकाटतो का, हे महत्त्वाचे. कुत्रा लडखडत का होईना चालत असेल, तर बहुतेक वेळा विश्रांती व औषधाने गुण येतो. पाय लुळे पडले तरी जाणीव शाबूत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दहांतले नऊ पुन्हा चालतात. जाणीवच गेली असेल, तर शस्त्रक्रिया करूनही जेमतेम निम्म्यांच्या थोडे वर बरे होतात, आणि तेथे उशीर परवडत नाही.

आता माझे म्हणणे. बैलाला खांदा आला की आपण त्याच्यावर जू ठेवीत नाही. नांगरट अडली तरी थांबतो. हाच न्याय कुत्र्याला का लावू नये? अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांनी २०२२ साली निदान चार आठवडे हालचाल बंद ठेवण्याचा सल्ला दिला. मी म्हणतो, सहा धरून चाला. औषधाने दुखणे थांबले की कुत्रा उड्या मारू पाहतो, आणि नेमकी तेव्हाच चकती पुन्हा सरकते. बरे वाटणे आणि बरे होणे या दोन गोष्टी आहेत.

उभे राहून वळता येईल एवढीच जागा द्या. मोठे खोके किंवा फळ्यांचा आडोसा चालेल. खाली गोणपाट, वर जुनी गोधडी, आणि ती रोज वाळवलेली. पडून राहणाऱ्याची कूस दर चार तासांनी बदला, नाहीतर कातडे सडते आणि पावसाळ्यात अळ्या पडतात. बाहेर न्यायचे ते केवळ शौचापुरते, पोटाखालून टॉवेलचा झोळा घालून. गळ्यातला पट्टा काढून छातीचा बांधा. लघवीकडे सर्वांत अधिक लक्ष हवे. थेंब थेंब गळते म्हणजे लघवी होते असे नव्हे. फुगा भरून ओसंडत असतो. तो दिवसातून तीन-चार वेळा हलक्या हाताने कसा दाबायचा, हे डॉक्टरांकडून शिकून घ्या. पाठ चोळू नका, ओढू नका. आपल्या घरातील दुखण्याच्या गोळ्या तर मुळीच देऊ नका. त्यांनी पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे व यकृत निकामी होतात.

खर्चाचे काय, असे आपण विचाराल. शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतच होते आणि ती अनेकांना झेपणारी नाही. मुलांची फी किंवा घरातल्या आजाऱ्याचे औषध बाजूला ठेवून कुत्र्यावर पैसा घालावा, असे धर्मही सांगत नाही. मात्र जनावराला विनाकारण यातना होऊ देणे माणसाला शोभत नाही, हेही धर्मशिक्षणच सांगते. आणि सहा आठवड्यांच्या सेवेला पैसा फारसा लागत नाही, घरातल्या कोणाची तरी वेळ लागते. एवढे करूनही यातना थांबत नसतील, जखमा भरत नसतील, तर डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणे हे पाप नव्हे. रस्त्यावर सोडून उपाशी मारणे मात्र पाप आहे, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाही आहे.

त्या मळ्यातील कुत्रा हायवेपलीकडे गेला नाही. तेलाची वाटी आजीबाईंनी बाजूला ठेवली, नातवाने खोके आणले, आणि रात्री कूस बदलायला घरधनी स्वतः उठू लागले. आज तो मागून थोडा झोलत चालतो, कट्ट्यावर चढत नाही, पण फाटकाशी कोणी आले की सर्वांआधी भुंकतो. ज्याने आपली वस्ती वर्षानुवर्षे राखली, त्याला आपण दीड महिना राखावे, एवढीच विनंती.