चौदा जानेवारी

संक्रांत तोंडावर आली कीं गांवोगांवच्या पारावर कोणीतरी म्हणतोच, "पानपत संक्रांतीलाच झालें, दिवसच खोटा!" बोलणाराच्या मनांत वाईट कांहीं नसतें. पण शेतकरी बंधूंनो, हा हिशेब एकदां नीट मांडून पाहा. दिवसावर खापर फोडलें कीं माणसांना जाब विचारण्याचें राहून जातें.

पानपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली हें खरें. परंतु त्या वर्षीं संक्रांत त्या दिवशीं नव्हतीच. आपलें पंचांग आणि इंग्रजी कॅलेंडर यांची चाल सारखी नाहीं. सुमारें सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढें सरकते. स्वामी विवेकानंद १८६३ सालीं संक्रांतीस जन्मले, तेव्हां तारीख १२ जानेवारी होती. १७६१ त सूर्य तीन-चार दिवस आधींच मकरेंत जाऊन बसला होता, आणि लढाईची तिथि होती पौष शुद्ध अष्टमी. ज्या सणाला आपण दोष देतों तो बिचारा त्या जागीं हजरही नव्हता!

मग घडलें तें काय? फौज निघाली ती आमच्याच मुलखांतून. फेब्रुवारी १७६० त उदगिरास निजामाला नमवून सदाशिवरावभाऊ १४ मार्चला परतुराहून उत्तरेकडे निघाले. बरोबर दहा महिन्यांनीं त्या फौजेचा चुराडा झाला. शेवटचे अडीच महिने ती पानपतास अडकून पडली होती. अब्दालीनें दिल्लीकडची वाट रोखली, गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले, आणि दाणावैरण आटली. जनावर उपाशी राहिलें म्हणजे काय होतें हें शेतकऱ्याला सांगायला नको. घोडीं मेलीं, माणसें खंगलीं, आणि कुजून मरण्यापेक्षां लढून मरूं म्हणून सारे मैदानांत उतरले. इब्राहिमखान गारदी तोफा घेऊन शेवटपर्यंत इमानानें लढला. यांत ग्रहाचा संबंध कोठें येतो?

आणखी एक गोष्ट. त्या छावणींत घोड्यांना नाल ठोकणारे, खोगिरें शिवणारे, पाणी वाहणारे, दळणारे असे हजारों लोक होते. बखरकारांनीं त्यांना एकच नांव दिलें, बुणगे. पराभवाचें कारण सांगतांनाही त्यांच्याच गर्दीकडे बोट दाखवतात. सरदारांचीं नांवें पाठ होतात. या लोहाराचें, त्या चांभाराचें नांव कोणीं लिहून ठेवलें आहे?

दोन घटना एका तारखेस येणें हा पुष्कळदां नुसता योग असतो. पेरियार १७ सप्टेंबर १८७९ ला जन्मले, प्रबोधनकार ठाकरे १७ सप्टेंबर १८८५ ला. त्यांना कोणीं मुहूर्त काढून दिला नव्हता! पण १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला आणि १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ झालें, तेथें दिवस माणसांनीं निवडलेला आहे. असल्या निवडीला अर्थ असतो.

आतां पुन्हां चौदा जानेवारीकडे येऊं. १९९४ सालीं याच तारखेस आमच्या शहरांतल्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हें नांव मिळालें. शहर तेव्हां औरंगाबाद होतें, आज छत्रपती संभाजीनगर आहे. त्या वर्षीं मात्र संक्रांत खरोखरच त्या दिवशीं होती. नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें २७ जुलै १९७८ लाच केला होता. तेव्हां मुख्यमंत्री शरद पवार होते, १९९४ लाही तेच होते. मधलीं साडेपंधरा वर्षें एका नांवासाठीं गेलीं, आणि शेवटीं जुनें नांव तसेंच ठेवून त्याला नवें जोडलें. म्हणून नामांतराचा नामविस्तार झाला.

या साडेपंधरा वर्षांबद्दल आम्हांला आपल्याच घरांशीं बोलायचें आहे. निजामाच्या राज्यांत वरच्या शिक्षणासाठीं हैदराबादेस जावें लागे, आणि तेथें उस्मानिया विद्यापीठांत शिकवणें उर्दूंत. १९५० त बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें येथें कॉलेज काढलें, तेंच पुढें मिलिंद झालें. विद्यापीठ आलें त्यानंतर आठ वर्षांनीं, १९५८ सालीं. कुणब्याच्या, माळ्याच्या, सुताराच्या पोरांनाही मिलिंदचें दार उघडें होतें. ज्यानें दार उघडलें त्याचें नांव दारावर नको म्हणून आपल्यांतलेच लोक काठ्या घेऊन निघाले. गांवोगांव दलितांचीं घरें जाळलीं, विहिरी नासवल्या, मजुरी बंद केली. हें करणारा परका अब्दाली नव्हता. चिथावणारे शहरांत सुखरूप बसले आणि खटल्यांच्या तारखा गांवच्या पोरांच्या वांट्याला आल्या, हेंही खरें. पण म्हणून काठी धरणारा हात सुटत नाहीं.

नांदेड जिल्ह्यांतल्या टेंभुर्णीस १९७८ च्या ऑगस्टांत पोचीराम कांबळे यांना जमावानें ठार मारलें. ते मातंग होते. आपल्या बैलांचीं दावीं आणि कासरे पिढ्यान्‌पिढ्या ज्या हातांनीं वळले, त्या जातीचा हा माणूस. १९९३ त नांदेडास गौतम वाघमारे यांनीं नामांतरासाठीं स्वतःला जाळून घेतलें. विद्यापीठाच्या वेशीशीं दर चौदा जानेवारीस हजारों लोक जमतात तेव्हां हीं नांवें घेतलीं जातात. आपल्या आळींत तीं कोणी घेत नाहीं.

घरच्या पोरांना हीं नांवें ठाऊक नसतील तर पानपतची गोष्ट सांगतांना हीही सांगावी. आणि वाण लुटायला निघालेल्या आयाबहिणींनीं यंदा गांवकुसाबाहेरच्या वस्तीपासून सुरुवात करावी.