साहेबाचं पुस्तक अजून टेबलावरच आहे

लाखांदूर तालुक्यातल्या एखाद्या मुलीला अनुसूचित जमातीचं वैधता प्रमाणपत्र हवं असेल, तर आजोबांचा शाळेचा दाखला पुरेलच असं नाही. तुमचे देव कोणते, लग्नात काय करता, मयताला काय करता, हेही विचारलं जाऊ शकतं. या चौकशीला ‘आप्तभाव चाचणी’ म्हणतात. मानववंशशास्त्र म्हणजे विद्यापीठातला एक निरुपद्रवी विषय, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही चौकशी एकदा पाहावी.

या शास्त्राचा इतिहास आपण फार सोवळेपणाने सांगतो. १८८६ साली मुंबईत अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी निघाली, मग घुर्ये आले, १९३९ साली इरावतीबाई कर्वे डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. जणू जिज्ञासेतून जिज्ञासा वाढत गेली. आमच्या भागात हे शास्त्र जिज्ञासेच्या नव्हे, खानेसुमारीच्या पायवाटेने आलं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले नाकाच्या मापावरून जातीची पायरी ठरवू पाहत होते. मध्य प्रांतात रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी जाती-जमातींचे चार खंड १९१६ साली प्रसिद्ध केले. भंडारा जिल्हा त्याच प्रांतातला. माहिती पुरवणाऱ्यांत सरकारी नोकर आणि शाळाखात्याचे लोक होते. ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांच्यापैकी कितीजणांना ते वाचता येणार होतं?

आता गोवारींचं पाहा. गुरं राखणारा हा समाज पूर्व विदर्भात गावोगाव आहे. त्या खंडांत गोवारींच्या पोटभेदांत गोंड-गोवारी हे नाव येतं, आणि अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ गोंडांच्या नोंदीखाली आहे. दोन शब्दांमध्ये जोडरेघ समजायची की स्वल्पविराम, यावर पिढ्या खर्ची पडल्या. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर गेलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं मेली. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला : यादीतल्या नोंदीचा अर्थ पुरावे घेऊन बदलणं न्यायालयाचं काम नाही, ते संसदेचं.

गोवारींचा दावा खरा की त्याला विरोध करणाऱ्या आदिवासी संघटनांची भीती रास्त, हा निवाडा मी करत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. शंभर वर्षांत या शास्त्राने त्या नोंदी नीट तपासून, चुकल्या असतील तर तसं मराठीत, त्याच लोकांसमोर का सांगितलं नाही?

कुणी म्हणेल, त्या खंडांशिवाय आपल्याकडे होतं काय? होतं. त्याच १९१६ सालच्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, आंबेडकरांनी जातींवरचा निबंध वाचला. रसेल जातींची वर्णनं मांडत होते. आंबेडकर विचारत होते की जात टिकते कशी, आणि उत्तर शोधत होते ते जातीतच लग्न करण्याच्या सक्तीत. एका पुस्तकाने माणसाला खणात ठेवलं, दुसऱ्या लेखाने खण कोणी बनवला हे विचारलं. सरकारने पहिलं उचललं. १९५४ साली आंबेडकर भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. त्यांचा तो प्रश्न विद्यापीठांच्या अभ्यासक्रमातही बराच काळ हरलेलाच होता.

इरावतीबाईंचं उदाहरण यासाठीच महत्त्वाचं. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते वंशवादी ऑयगेन फिशर. बाईंनी कवट्या मोजल्या आणि गुरूच्या गृहीतकाला आधार मिळत नाही, असं लिहिलं. मात्र मोजमापाची पट्टी त्यांनीही पुढे खाली ठेवली नाही.

मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं, की आप्तभाव चाचणी ही जमात ठरवण्याची निर्णायक कसोटी नव्हे. शहरात शिकलेल्या मुलीला आजीच्या विधींची माहिती नसणं स्वाभाविक आहे, हे समजायला न्यायालय लागलं. बदलत्या माणसाचा अभ्यास करणाऱ्यांनी ते आधीच ओरडून सांगायला हवं होतं. अजूनही वेळ गेलेली नाही. चुलबंदच्या काठावर या, पण यावेळी प्रश्नावलीबरोबर तुमची जुनी पुस्तकंही आणा. आम्हाला ती तपासायची आहेत.