सह्याद्रीच्या पावसात वॉटरप्रूफ बूट कशाला?

जून लागला की पुण्या-मुंबईतल्या दुकानांत ट्रेकिंग शूजच्या फळ्यांपुढे गर्दी होते आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वॉटरप्रूफ आहेत ना?" मापाचा विचार त्यानंतर होतो, आणि सोल कसला आहे हे तर फारसं कुणी विचारतही नाही. पावसाळी ट्रेकच्या सूचनांतही 'वॉटरप्रूफ शूज आवश्यक' ही ओळ हटकून सापडते. नवख्या मुलांनी ती वाचायची, घरून पैसे मागून घ्यायचे आणि बोटं दाबणारा पण वॉटरप्रूफ असा जोड घेऊन यायचं, हे मी वर्षानुवर्षं बघतो आहे. सह्याद्रीच्या पावसात अशा बुटाचा उपयोग फार थोडा आहे, आणि त्याच्या नादात माप व सोल यांच्याकडे होणारं दुर्लक्ष धोक्याचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी पुरतं ऐकून घेऊ. ओली कातडी मऊ पडते, मोज्याशी जास्त घासते आणि फोड लवकर येतात. पाय तासन्‌तास ओले राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून पाणी आत शिरू न देणारा बूट घ्यावा, असा त्यांचा निष्कर्ष. पण पाणी बुटात शिरतं कुठून, हे या मंडळींनी बघितलेलं दिसत नाही.

जुलैत पाचनईहून हरिश्चंद्रगडाला निघा. कड्याच्या पोटातून जाणाऱ्या आडव्या वाटेवर डोक्यावर धारा कोसळत असतात आणि पुढे ओढा ओलांडावा लागतो. ओढ्यात पाय घोट्याच्या वर बुडतो, म्हणजे बूट वरून भरतो. ओढा नसला तरी पाऊस पँटवरून ओघळत मोज्यात आणि मोज्यातून तळव्याखाली उतरतोच. सह्याद्रीत पाणी बुटाच्या कातड्यातून झिरपायची वाट बघत नाही, ते सरळ दारातून आत येतं. आणि एकदा आत आलं की वॉटरप्रूफ बुटातलं जे अस्तर बाहेरचं पाणी अडवतं तेच आतलंही अडवतं. साधा जाळीचा बूट पाच-पन्नास पावलांत बरंचसं पाणी फेकून देतो. वॉटरप्रूफ बुटात ते तसंच राहतं. पाऊल टाकलं की पचक, उचललं की पचक, बूट जड, मोजा टाचेपाशी गोळा झालेला, आणि घामाने-पाण्याने कोमट झालेल्या त्या डबक्यात पाय दिवसभर शिजत राहतो. चिखल्या टाळायला घेतलेला बूटच चिखल्या करतो. बुटाच्या तोंडावरून नडगीला गेटर्स बांधले की वरून येणारं पाणी थोडा वेळ थोपतं, पण ओढ्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

"पण अस्तर श्वास घेतं ना!" असं यावर उत्तर मिळतं. ते कसं चालतं ते बघितलं पाहिजे. 1969 साली बॉब गोर यांनी पीटीएफई हे द्रव्य तापवून झटक्यात ताणलं आणि अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला. गोरटेक्स म्हणतात ते हेच. पाण्याचा थेंब या छिद्रांतून जात नाही, वाफ जाते. शोध मोठाच आहे, मला त्याचं कौतुक आहे. पण वाफ आपणहून बाहेर पडत नाही. आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तरच तिला बाहेर ओढ लागते. शून्य अंशाच्या कोरड्या थंडीत ही ओढ जेवढी असते, तेवढी आपल्या पावसाळी डोंगरावर उरत नाही, कारण तिथे हवेत आधीच मावेल तेवढं बाष्प भरलेलं असतं. त्यात बुटाचं बाहेरचं कापड भिजून चिंब झालं की पडद्यावर पाण्याचा थर बसतो आणि उरलीसुरली वाटही बुजते. मग आतला घाम आतच जिरतो. ओढा न ओलांडताही संध्याकाळी मोजे पिळावे लागतात ते यामुळे.

मुक्कामाचा ट्रेक असेल तर आणखी एक गोष्ट कळते. गुहेत रात्री बूट उलटे करून ठेवले, कागद कोंबले, तरी अस्तराचा बूट पहाटे ओलाच असतो. कॅनव्हासचा किंवा जाळीचा निदान पाणी निथळून हलका झालेला असतो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिकांच्या जंगल बुटांना आतल्या अंगाला, सोलच्या जरा वर, पाणी निघून जायला जाळीची भोकं ठेवलेली होती. पाणी अडवता येत नसेल तर ते वाहून जाऊ द्यावं, हे भातखाचरांत वावरणाऱ्या सैन्याला उमगलं होतं. आपल्याकडच्या जुन्या ट्रेकर्सनी कॅनव्हासचे हंटर शूज वर्षानुवर्षं वापरले. त्यांना कंजूष म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग वॉटरप्रूफ बूट निरुपयोगी? मुळीच नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठाला जाणाऱ्याने ते आवर्जून घ्यावेत. तिथे साडेबारा हजार फुटांवर पाय बर्फात रुततो. बर्फ कोरडा असतो तोवर ठीक, तो बुटावर वितळून आत झिरपला की बोटं बधिर होतात आणि पुढे हिमदंशाची भीती असते. बाहेरची हवा थंड आणि कोरडी असल्याने पडदाही आपलं काम चोख करतो. म्हणजे हा बूट मुख्यतः थंडीवरचा उपाय आहे. आपल्या पावसात पाय भिजतात, पण गारठून निकामी होत नाहीत, आणि हा फरक दुकानात कुणी सांगत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींविषयी. "गावातला माणूस स्लीपरवर चढतो, बूट कशाला?" असं ऐकवणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. हा युक्तिवाद मला पहिल्यापेक्षाही वाईट वाटतो. त्या माणसाचा तळवा आणि घोटा लहानपणापासून त्याच वाटेवर घडलेला असतो, कुठल्या दगडावर शेवाळ धरतं ते त्याला पाठ असतं. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्याने रविवारी त्याची नक्कल करणं हा अविचार आहे. शिवाय तो स्लीपर घालतो ते पुष्कळदा परवडत नाही म्हणून. त्याच्या अडचणीला आपण आदर्श का म्हणायचं?

बूट हवाच, पण आधी मापाचा हवा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशात 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. भारतीयांची पावलं युरोपीय आणि अमेरिकनांपेक्षा रुंद असल्याचं त्यात दिसलं, आणि त्यावरून 'भा' नावाची आपली स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. आपल्याकडे मिळणारे बरेच बूट मात्र परदेशी मापांवर बेतलेले. चवडा आवळतो म्हणून माणूस एक नंबर मोठा घेतो. रुंदी जेमतेम जमते आणि टाच सुटी पडते. चढताना टाच आत उचलली गेली की फोड तिथे येतो. नंबर तोच ठेवला तर उतरताना अंगठा पुढे आपटतो आणि घरी येईपर्यंत नख काळंनिळं होतं. वॉटरप्रूफ बुटात हा त्रास वाढतो, कारण अस्तराची आणखी एक घडी आत असते आणि असा बूट पायाप्रमाणे सहसा सैलावत नाही.

म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा, पाय थोडे सुजलेले असताना. ट्रेकला घालणार तेच मोजे सोबत न्यावेत. नाडी न बांधता पाऊल पुढे सरकवलं की टाचेमागे एक बोट जायला हवं. मग टाच मागे दाबून नाडी घट्ट बांधावी आणि जिना उतरावा. बोटं पुढे लागली तर तो बूट तिथेच परत द्यावा, मग तो कितीही सवलतीत असो. "वापरून सैल होईल" असं विक्रेता म्हणाला तर त्याचं ऐकू नये.

मापाखालोखाल सोल. 1935 साली आल्प्समध्ये पुंता रासिकाच्या चढाईत सहा गिर्यारोहक दगावले. तेव्हा खिळ्यांचे जड बूट पायथ्याशी ठेवून पातळ तळव्याचे जोडे घालून कातळ चढण्याची पद्धत होती, आणि वर बर्फ-वादळाने गाठलं की ते जोडे कुचकामी ठरत. त्या मोहिमेतल्या व्हिताले ब्रामानी यांनी नंतर खोल खाचांचा रबरी सोल बनवला, 1937 साली तो बाजारात आला. या सोलचं व्हिब्रम हे नाव त्यांच्याच नावातून आलेलं. आपल्या चिखलात अशा खाचा लागतात. ओल्या काळ्या कातळावर त्याहून जास्त महत्त्वाचा रबराचा मऊपणा. कडक, चकचकीत सोल कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर साबणासारखा सरकतो. अंगठ्याचं नख सोलमध्ये दाबून बघा, जरासुद्धा रुतत नसेल तर पावसात त्याचा भरवसा धरू नका. शेवाळावर मात्र कुठलाच सोल टिकत नाही, तिथे गवताची कड धरून चालणं हाच मार्ग.

आणि कपाटातला महागडा बूट चार वर्षांनी काढला असेल तर निघण्याआधी वाकवून, टाच दाबून बघा. सोलमधला पॉलियुरेथेन दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, न वापरताही आतून कुजतो. वरून बूट नवा दिसतो आणि राजगडाच्या चोर दरवाजाखाली सोल अख्खा गळून हातात येतो. मग दोरीने, नाडीने, टेपने बांधून लंगडत उतरणारी माणसं दर पावसाळ्यात दिसतात. तो जोड वॉटरप्रूफ होता की नव्हता, याने त्या वेळी काडीचा फरक पडत नाही.

ट्रेक काढणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे : सूचनांच्या यादीतली ती ओळ यंदा बदला. 'मऊ रबराचे, खोल खाचांचे, पाणी निथळणारे, आधी दोन-तीनदा घालून चाललेले बूट' असं लिहा. 'कोरड्या मोज्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत' हे त्याखाली लिहा. आणि जमण्याच्या ठिकाणी, बस सुटण्याआधी, प्रत्येकाचे सोल उलटे करून तपासा.