विश्लेषण : कर्नलच्या दारावर पहारेकरी कोण?

१९ जुलै २०२४ रोजी मुंबई, दिल्ली, बेंगळूरु, हैदराबाद येथील विमानतळांवर चेक-इनची यंत्रणा कोलमडली आणि काही प्रवाशांच्या हाती चक्क पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. एकट्या इंडिगोने सुमारे २०० उड्डाणे रद्द केली. हा सायबर हल्ला नव्हता. हल्ले रोखण्यासाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरचीच ती चूक होती. हे सॉफ्टवेअर संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसून प्रत्येक हालचालीवर नजर ठेवत होते. अशी नजर ठेवण्याचा अधिकार कोणाला द्यायचा आणि कुठवर, हा जुना वाद त्या दिवसाने पुन्हा ऐरणीवर आणला.

नेमके काय बिघडले?

क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने ‘फाल्कन’ या आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता नवे नियम असलेली एक छोटी फाइल पाठवली. त्यातील नियमांना २१ गोष्टी तपासायच्या होत्या; सॉफ्टवेअर मात्र २०च पुरवत होते. एकविसावी शोधताना ते मेमरीच्या हद्दीबाहेर गेले. साध्या अ‍ॅपने अशी चूक केली तर ते अ‍ॅप तेवढे बंद पडते. कर्नलमध्ये ती झाली की सगळा संगणकच थांबवावा लागतो, कारण गाभ्यातली माहिती आता शाबूत आहे याची खात्री उरत नाही. म्हणूनच जगभर निळे पडदे दिसले.

७८ मिनिटांत फाइल मागे घेण्यात आली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले होते. विंडोजच्या एकूण संगणकांत हे प्रमाण एक टक्क्याहून कमी. पण ते विमान कंपन्या, रुग्णालये आणि बँकांचे होते. त्यातले अनेक सुरूच होत नसल्याने प्रत्येकासमोर माणूस बसवून ती फाइल हाताने काढावी लागली.

सिस्टीम कॉल म्हणजे काय?

फोनवरचे कोणतेही अ‍ॅप थेट कॅमेरा चालवू शकत नाही, फाइल उघडू शकत नाही की इंटरनेटवर एक अक्षरही पाठवू शकत नाही. ही सारी कामे कर्नल करते. अ‍ॅपने फक्त विनंती करायची. या विनंतीला ‘सिस्टीम कॉल’ म्हणतात.

सरकारी कचेरीतील खिडकीसारखी ही व्यवस्था आहे. नागरिक दफ्तरखान्यात शिरत नाही. खिडकीवर अर्ज देतो. प्रत्येक प्रकारच्या अर्जाला क्रमांक असतो आणि कोणत्या क्रमांकाचा अर्ज कोणत्या टेबलावर जाईल, हे ठरलेले असते. लिनक्समध्ये असे तीनशेहून अधिक क्रमांक आहेत. फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे, नवी प्रक्रिया सुरू करणे, नेटवर्कशी जोडणी करणे, प्रत्येकाचा वेगळा. क्रमांक आणि सोबतची माहिती ठरलेल्या जागी ठेवून अ‍ॅप प्रोसेसरला एक खास सूचना देते आणि नियंत्रण कर्नलकडे जाते. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सच असल्याने खिशातल्या फोनमध्येही हे सेकंदाला हजारो वेळा घडत असते.

साहजिकच, एखादे अ‍ॅप खरोखर काय करते हे जाणायचे तर या खिडकीवर उभे राहण्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

तपासणी आणि फेरफार यांत फरक काय?

खिडकीवर उभा असलेला माणूस चार गोष्टी करू शकतो. अर्ज वाचू शकतो, परत पाठवू शकतो, त्यातला मजकूर बदलू शकतो किंवा आतून आलेले उत्तर बदलून नागरिकाला देऊ शकतो. पहिल्या दोन गोष्टी पहारेकऱ्याच्या. शेवटच्या दोन ज्याला जमतात, तो ठरवील तेच संगणकाच्या मालकाला दिसते.

पूर्वी यासाठी सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे सिस्टीम कॉलचा तक्ताच बदलणे. ‘फाइलींची यादी द्या’ या क्रमांकापुढचा कर्नलचा पत्ता खोडून तिथे स्वतःच्या कोडचा पत्ता लिहायचा. अर्ज आधी आपल्याकडे येतो. वाटल्यास पुढे पाठवायचा, उत्तरातून हवे ते गाळायचे. अँटीव्हायरस बनवणाऱ्यांनी हा मार्ग वापरला आणि लपून राहणारे ‘रूटकिट’ बनवणाऱ्यांनीही. तंत्र एकच, हेतू तेवढा वेगळा.

हे घातक ठरू शकते, याचा पुरावा?

२००५ मधील सोनी बीएमजी प्रकरण. नक्कल रोखण्यासाठी या कंपनीच्या काही म्युझिक सीडींमध्ये एक सॉफ्टवेअर होते. सीडी संगणकात घातली की ते विंडोजच्या तक्त्यात फेरफार करी आणि ठराविक चिन्हांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल लपवी. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी संशोधक मार्क रसिनोविच यांनी ते उघडकीस आणले. पुढच्या काही दिवसांतच व्हायरस लिहिणाऱ्यांनी आपल्या फाइलींना त्याच चिन्हांनी सुरू होणारी नावे दिली आणि सोनीच्या पडद्याआड ते आयते लपले. कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. एकाने स्वतःसाठी पाडलेली फट सगळ्यांसाठीच उघडी राहते, हा त्याचा धडा.

फेरफार न करता नुसती तपासणीही वाटते तितकी सोपी नाही. अर्जात बहुधा फाइलचे नाव नसते, तर ते नाव मेमरीत कुठे ठेवले आहे याचा पत्ता असतो. तपासनीसाने नाव वाचून मंजुरी दिली आणि कर्नलने ते पुन्हा वाचण्याआधी अ‍ॅपच्या दुसऱ्या धाग्याने तिथले नाव बदलले, तर पहारा फुकट जातो. रॉबर्ट वॉटसन यांनी २००७ मध्ये ही पळवाट वापरून अशा अनेक सुरक्षा साधनांना चकवा देता येतो, हे दाखवून दिले.

मग दार बंदच का केले नाही?

प्रयत्न झाले. लिनक्सने २.६ आवृत्तीपासून बाहेरच्या मॉड्यूलना हा तक्ता सहज मिळेनासा केला. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये ६४-बिट विंडोजमध्ये ‘पॅचगार्ड’ आणले. गाभ्यात कोणी फेरफार केल्याचे आढळले की ते संगणक थांबवते. त्यावर २००६ मध्ये मॅकॅफी आणि सिमँटेक या कंपन्यांनी गदारोळ केला. मायक्रोसॉफ्ट स्वतः सुरक्षा सॉफ्टवेअर विकते आणि स्पर्धकांना मात्र दाराबाहेर ठेवते, ही त्यांची तक्रार होती. ती अगदीच निराधार नव्हती.

तडजोड निघाली. तक्त्याला हात लावायचा नाही. पण कर्नल स्वतःहून ‘नवी प्रक्रिया सुरू होत आहे’, ‘फाइल उघडली जात आहे’ अशा सूचना देईल आणि नोंदणीकृत ड्रायव्हर त्या ऐकतील. २००९ मध्ये युरोपीय आयोगाला दिलेल्या हमीत मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या सुरक्षा उत्पादनांना मिळणाऱ्या सोयी इतरांनाही देण्याचे मान्य केले. २०२४ च्या गोंधळानंतर कंपनीने बोट दाखवले ते या हमीकडे. पण हमी समान वागणुकीची होती. मायक्रोसॉफ्टने आपले पहारेकरीही गाभ्याबाहेर नेले असते, तर इतरांनाही तिकडे नेता आले असते.

फाल्कन तक्ता बदलत नव्हते. अधिकृत मार्गानेच आत आले होते. दोष होता तो त्या मार्गाने येणाऱ्याला मिळणाऱ्या अमर्याद अधिकारात. ऐकायला आलेल्यालाही पूर्ण गाभ्यात वावर होता.

यावर उपाय काय?

उपाय एकच नाही, पण दिशा एक आहे. लिनक्समध्ये २०१२ पासून ‘सेककॉम्प’ची चाळणी वापरता येते. कोणत्या क्रमांकाचे अर्ज स्वीकारायचे, हे तीत ठरवता येते आणि पत्त्यामागची मेमरी ती मुद्दामच वाचत नाही. त्यामुळे वर सांगितलेली पळवाट तिथे राहत नाही. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही चाळणी सर्व अ‍ॅपना लागू आहे. फोनवर तिचे नाव कुठेच दिसत नसले, तरी ती रोज राखण करते.

दुसरा मार्ग ‘ईबीपीएफ’चा. यात छोटा प्रोग्राम कर्नलमध्ये चालतो. पण आत घेण्यापूर्वी तो मेमरीची हद्द ओलांडणार नाही आणि अनंतकाळ फिरत बसणार नाही, याची पडताळणी होते. या पडताळणीतही चुका सापडल्या आहेत, तरी तपासून आत घेणे हे विश्वासावर आत घेण्यापेक्षा बरे. अ‍ॅपलने २०१९ मध्ये मॅकसाठी गाभ्याबाहेरून नजर ठेवण्याची सोय दिली. मायक्रोसॉफ्टनेही सुरक्षा उत्पादनांना कर्नलबाहेर चालवणारी व्यवस्था २०२५ मध्ये निवडक कंपन्यांना चाचणीसाठी देऊ केली.

याचा अर्थ काय?

पहारा हवाच. खिडकीवर कोणीच नसेल, तर खंडणीखोर सॉफ्टवेअरला रान मोकळे मिळेल. पण पाहण्याचा, अडवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार एकाच माणसाला सरसकट देणे ही पहाऱ्याची गरज नव्हे, ती सवय आहे. पाहणाऱ्याला फक्त पाहता यावे, त्याची चूक झाली तर तो एकटा पडावा, आणि हे नियम कर्नलच्या मालकालाही तितकेच लागू असावेत. शेवटची अट सर्वांत अवघड, कारण दाराची किल्ली ज्याच्याकडे, तोच बाजारात पहारेकरीही विकतो. ती पाळली गेली नाही, तर सुरक्षेच्या नावाखाली मक्तेदारी येईल.

भारतातील बँका, रुग्णालये आणि सरकारी खात्यांनी सुरक्षा सॉफ्टवेअर घेताना ते किती व्हायरस पकडते एवढेच विचारणे आता पुरेसे नाही. ते गाभ्यात चालते की बाहेर, त्याचे नवे नियम सगळ्या संगणकांवर एकदम जातात की टप्प्याटप्प्याने, आणि ते कोसळले तर संगणक सुरू होतो का, हे तीन प्रश्न निविदेत हवेत. पेनाने लिहिलेल्या बोर्डिंग पासने प्रवासी कसाबसा विमानात चढला. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या रुग्णासाठी असा पर्याय असेलच असे नाही.