हिरव्या खुणेचा बॅकअप

मार्चअखेर जवळ आली की भुसावळातल्या करसल्लागारांच्या आणि हिशेबनिसांच्या कार्यालयांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळताना दिसतात. हिशेब मिटतो, टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला जातो, पडद्यावर हिरवी खूण उमटते आणि शटर खाली ओढले जाते. ही खूण किती भरवशाची, हा प्रश्न संगणक बंद पडेपर्यंत कोणी विचारत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे जपाव्या लागतात. पाचव्या वर्षी नोटीस आली आणि डिस्क उघडलीच नाही, तर अधिकाऱ्याला हिरवी खूण दाखवून भागत नाही.

सुटी डिस्क हवीच कशाला?

सगळे ‘क्लाउड’वर असताना ही पीडा कशाला, असे विचारले जाते. त्याचे उत्तर आपल्याच बंदरात मिळते. रावेर-सावद्याची केळी परदेशी जाण्यासाठी ज्या न्हावा शेवा बंदराकडे निघतात, तिथले मर्स्क समूहाचे टर्मिनल २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विषाणूने ठप्प झाले. जगभरातल्या मर्स्कच्या संगणकांची तीच गत झाली. कंपनीने पुढे सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सर्व्हर एकमेकांची प्रत सांभाळत होते, पण सगळे एकाच जाळ्यात असल्याने सगळेच पुसले गेले. एकच वाचला, तो घानामधला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! भारनियमनाला इतके आशीर्वाद खानदेशात कोणी कधी दिले नसतील. इंटरनेट मंद असल्याने ती हार्ड डिस्क शेवटी विमानाने, माणसाच्या हाती, इंग्लंडला न्यावी लागली.

तारेतून काढून ठेवलेली प्रत विषाणूच्या हाती लागत नाही. म्हणून दिवसरात्र संगणकाला टोचून ठेवलेला पेनड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. मूळ फाईल जाईल तेव्हा तोही जाईल. पण काढता येणारी डिस्क काढली-घातली जाते, आणि बॅकअपचे प्रोग्रॅम नेमके तिथेच अडखळतात.

डिस्क समोर आहे, तरी सापडत नाही

जंक्शनच्या गावाला हे समजावणे सोपे आहे. गाडीचा फलाट ऐनवेळी बदलतो आणि जुन्या फलाटावरचा प्रवासी गाडी आलीच नाही म्हणून बसून राहतो. विंडोज जोडलेल्या प्रत्येक डिस्कला एक अक्षर देते. काल ‘जी’ असलेली डिस्क, आज आधी दुसरा पेनड्राइव्ह लावलेला असल्याने ‘एच’ होते. बॅकअपचा प्रोग्रॅम ‘जी’वर थांबलेला असतो. मग ‘डिस्क जोडा’ अशी सूचना येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘जी’ नावाच्या भलत्याच पेनड्राइव्हवर बॅकअप होतो. उपाय पाच मिनिटांचा आहे. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन त्या डिस्कला वर्णमालेच्या शेवटचे एखादे अक्षर कायमचे द्यावे, ‘एक्स’ किंवा ‘झेड’ सहसा कोणी मागत नाही. आलटून पालटून दोन डिस्क वापरत असाल तर दोन्हींना वेगवेगळी नावे द्या आणि तीच नावे डब्यांवर चिकटवा.

दुसरी तक्रार: ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर निम्मी जागा मोकळी, तरी प्रोग्रॅम म्हणतो जागा नाही. दोष बहुधा पेनड्राइव्हच्या फॉरमॅटचा असतो. ‘फॅट ३२’ या जुन्या मांडणीत एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, आणि बॅकअपचा प्रोग्रॅम तर अनेकदा सगळ्याचा एकच गठ्ठा बांधतो. आतला माल दुसरीकडे हलवून ‘एनटीएफएस’मध्ये फॉरमॅट केले की तक्रार मिटते. विंडोजमध्ये अजूनही ‘विंडोज ७’च्या नावाने असलेला जुना बॅकअप तर संपूर्ण यंत्राची प्रतिमा पेनड्राइव्हवर घ्यायलाच नकार देतो. त्याला खरी हार्ड डिस्क लागते.

बॅकअप अर्ध्यावर तुटत असेल तर आधी तार पाहा. यूएसबी २ च्या खोबणीतून ५०० मिलिअँपियर वीज मिळते आणि काही डिस्कना फिरायला लागताना तेवढी पुरत नाही. कॅबिनेटच्या पुढच्या खोबणीऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या खोबणीत लावून पाहावे. मध्ये हब नको. तरीही डिस्क कट-कट वाजत राहिली तर बॅकअप पुन्हा पुन्हा चालवू नका. आतला डेटा निघतोय तोवर काढून घ्या.

या सगळ्यांत घातक दोष मात्र आवाज करत नाही. टॅली उघडी असताना बॅकअप सुरू केला की काही प्रोग्रॅम वापरात असलेली फाईल सोडून पुढे जातात आणि शेवटी ‘पूर्ण’ म्हणून मोकळे होतात. सोडलेल्या फाईलची ओळ अहवालात आत कुठेतरी असते. तो अहवाल उघडतो कोण? जे सर्वांत महत्त्वाचे तेच वगळून ‘पूर्ण’ म्हणणे ही प्रोग्रॅम बनवणाऱ्यांची लबाडी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून सगळे बंद करूनच बॅकअप घ्यावा, आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्याच संगणकावर, वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून कालची शेवटची पावती त्यात आहे का ते पाहावे. चालू कंपनीच्या फोल्डरवर रिस्टोअर करू नये. चुकून जुना हिशेब नव्यावर बसला तर तोही गेला.

कपाटातल्या डीव्हीडींचे काय?

फोटो स्टुडिओ, दवाखाने, वकिलांची कार्यालये आणि लग्नाचे चित्रीकरण जपणारी घरे यांचा खजिना अजून सीडी-डीव्हीडीवर आहे. डिस्कच्या पाठीवर विषाणू काही लिहू शकत नाही, हा तिचा मोठा गुण. पण घरी जाळलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता व दमट हवा त्या थराच्या मुळावर येतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात पत्र्याखालचे लोखंडी कपाट म्हणजे भट्टीच. सीडीवर बॉलपेनने नाव लिहिणे तर आणखी वाईट, कारण तिचा चकचकीत थर लेबलच्या लगेच खाली असतो.

डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेले असले तरी विंडोजच्या मापाने ती सुमारे ४.३८ जीबी भरते, प्रोग्रॅमला ४.७ सांगितले तर शेवटच्या टप्प्यावर जळणे फसते. डिस्क घालताच विंडोज विचारते की ती पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. जपून ठेवायची असेल तर दुसरा पर्याय निवडावा. पहिल्या पद्धतीने केलेली किंवा ‘फायनलाइज’ न केलेली डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये कोरी दिसू शकते. अशी डिस्क हाती आली तर फेकू नका. जिथे जळली त्याच ड्राइव्हमध्ये ती बहुधा उघडते. बॅकअप पाच डिस्कवर पसरला असेल तर एक हरवली तरी उरलेल्या चार कामाच्या राहतीलच असे नाही.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुनी यंत्रे भंगारात निघत आहेत, आणि नव्या लॅपटॉपना डीव्हीडीचा कप्पाच नसतो. ज्या ड्राइव्हने त्या डिस्क जाळल्या तो भंगारवाल्याकडे जाण्याआधी, आणि मे उजाडण्याआधी, कपाटातल्या डिस्क एकेक करून हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. ओरखडे असलेल्या सर्वांत आधी. एका ड्राइव्हला न वाचणारी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हला कधी कधी वाचते, म्हणून शेजाऱ्याचा जुना डेस्कटॉपही मागून पाहावा.