वकिलीची पहिली तीन वर्षे

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निर्णयाने न्यायाधीश होऊ पाहणाऱ्या देशभरातील विधी पदवीधरांचे गणित बदलले. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेस बसण्यापूर्वी किमान तीन वर्षे वकिली केलेली असावी, ही अट न्यायालयाने पुन्हा लागू केली. २००२ मध्ये याच न्यायालयाने ती काढून टाकली होती. महाविद्यालयातून थेट न्यायासनावर जाऊन बसलेल्या तरुणाला न्यायालयाच्या दारात ताटकळणाऱ्या पक्षकाराची व्यथा सहसा कळत नाही, हे मधल्या तेवीस वर्षांच्या अनुभवाने दाखवून दिले होते. निर्णय योग्यच आहे. परंतु ही तीन वर्षे जालना, अंबड, परतूर किंवा भोकरदनच्या न्यायालयात काढायची, तर ती कशाच्या बळावर काढायची, हा प्रश्न मात्र त्या निर्णयाने सुटत नाही. तो सोडवणे न्यायालयाच्या हातीही नाही.

मुंबईने आपल्यापुरती त्याची व्यवस्था लावून घेतली आहे. तेथे सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्याने तीन वर्षे आर्टिकल्ड क्लार्क म्हणून उमेदवारी करायची आणि मग बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीच्या परीक्षेला बसायचे, अशी जुनी रीत आहे. मोठ्या लॉ फर्ममध्ये नवख्या वकिलाला महिन्याच्या महिन्याला वेतन मिळते. काम कितीही रुक्ष असले तरी खोलीचे भाडे निघते. जिल्ह्याच्या गावी फर्म नावाची संस्था जवळजवळ नसतेच. तेथे असते ‘साहेबांचे ऑफिस’. एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या घराची पुढची खोली, भिंतीला लागून नजिरांचे जाड खंड, एक वयस्क कारकून आणि दोन-तीन ज्युनिअर.

ज्युनिअरचा दिवस त्या खोलीत डायरीपासून सुरू होतो. आज कोणती प्रकरणे बोर्डावर आहेत, कोणत्या न्यायालयात आहेत, कोणत्या टप्प्यावर आहेत, हे काढायचे. अकरा वाजता न्यायालयात पोहोचून पुकाऱ्याकडे कान लावून बसायचे. साहेब दुसऱ्या न्यायालयात गुंतले असतील तर ‘साहेब येत आहेत’ एवढे एक वाक्य न्यायाधीशांसमोर न अडखळता म्हणायचे. हे वाक्य धड म्हणता येण्यासाठीसुद्धा काही आठवडे जातात. मुदतीचा अर्ज, पुरसिस, नकलेचा अर्ज, वकीलपत्र, रोजनाम्याची पाहणी ही पहिल्या वर्षाची कामे. कोणत्या कागदाला कोणती निशाणी पडली आहे, हे जो शोधून देतो तो दुसऱ्या वर्षी कैफियतीचा कच्चा मसुदा लिहू लागतो. नाझराच्या खोलीत कसे बोलावे, बेलीफाकडून समन्सचा अहवाल कसा मिळवावा, साक्षीला आलेल्या शेतकऱ्याला धीर कसा द्यावा, हे कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाही. उन्हाळ्यात खालच्या न्यायालयांत काळ्या कोटाची सक्ती नसते, एवढीच काय ती सवलत.

या शिक्षणाला जालन्यात एक वेगळी खोली आहे, आणि ती महानगरातून शिकून आलेल्या हुशार पदवीधरालाही सहज गवसत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीत होता. जमिनीचे जुने कागद उर्दूत, काही मोडीत. वाटणीच्या किंवा मालकीच्या दाव्यात आजही १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत मागे जावे लागते. पश्चिम महाराष्ट्राचा वकील कूळकायदा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मुंबईचा १९४८ चा कायदा असतो. मराठवाड्याच्या ज्युनिअरला मात्र हैदराबादचा १९५० चा कायदा आणि त्यातील संरक्षित कुळाला मालक करणारे कलम ३८ ई तोंडपाठ असावे लागते. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली, तेव्हा ती वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत, हे साऱ्या राज्याच्या ध्यानात आले. जिल्ह्यातल्या जुन्या वकिलांना ते आधीपासूनच ठाऊक होते.

भूसंपादनाची प्रकरणे हे तर या परिसरातील वकिलीचे जुने विद्यालय. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी, परतूर भागाला पाणी दिले, तसे तेथल्या शेतकऱ्यांच्या जमिनीही घेतल्या. समृद्धी महामार्गाने पुढे तेच केले. १८९४ च्या कायद्यात वाढीव मोबदल्याची मागणी करायला मुदत होती: निवाड्याच्या वेळी शेतकरी हजर असेल तर सहा आठवडे. शेजाऱ्याला न्यायालयाने वाढीव दर दिला, तर त्याच आधारे आपल्यालाही मागण्याचा अधिकार कलम २८ अ ने दिला होता. त्याची मुदत तीन महिने. २०१३ च्या नव्या कायद्यातही अशा मुदती आहेत. ही मुदत मोजणारा हात बहुधा ज्युनिअरचा असतो. तो कंटाळलेला असला, उपाशी असला किंवा गेल्याच महिन्यात ऑफिस सोडून गेलेला असला, तर एका कुटुंबाच्या पिढीजात जमिनीचा रास्त मोबदला बुडतो. ज्युनिअरच्या उपजीविकेचा प्रश्न हा केवळ ज्युनिअरचा नाही, तो येथे असा थेट गावाच्या बांधावर येऊन पोहोचतो.

राज्यव्यवस्थेने या प्रशिक्षणाकडे कसे पाहिले, त्याचा इतिहास मोठा विचित्र आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात सनदेपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती वगळली. १९९५ मध्ये बार कौन्सिलने नियम करून एक वर्षाची उमेदवारी पुन्हा आणली. व्ही. सुदीर खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले, कारण तसा अधिकारच कौन्सिलला नाही. मग २०१० मध्ये अखिल भारतीय परीक्षेचा मार्ग निघाला. २०२३ मध्ये घटनापीठाने ती परीक्षा वैध ठरवली आणि १९९९ चा निकाल योग्य नव्हता असेही सांगितले. इतक्या उलथापालथीनंतर हाती उरली ती एक परीक्षा. शिकवणार कोण, हा प्रश्न होता तेथेच राहिला.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सनदेचे नोंदणी शुल्क कायद्यात लिहिल्याप्रमाणे सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये यांपेक्षा अधिक घेता येणार नाही, असे स्पष्ट केले. गरीब घरातील मुलाच्या दारातला एक धोंडा त्यामुळे दूर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढले: ज्येष्ठांनी ज्युनिअरला शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे. परिपत्रक शिफारशीचे आहे, सक्तीचे नाही. सक्तीचे करूनही फारसे साधले नसते. तालुक्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या कित्येकांचे स्वतःचे उत्पन्न पावसावर अवलंबून असते. सोयाबीन-कापूस बुडाला की पक्षकाराची फी पुढच्या हंगामावर जाते. त्यांच्याकडे दोन ज्युनिअरांसाठी तीस हजार मागणे म्हणजे ज्युनिअर ठेवू नका असे सांगणे. पण ज्यांची वकिली उत्तम चालते, चारचाकी आणि मजले ज्यांनी वकिलीवरच उभे केले, त्यांनीही ‘आम्हाला कुठे कोणी दिले होते?’ असे म्हणावे, हे मात्र शोभणारे नाही.

येथे गुरुशिष्य परंपरेचा दाखला हटकून दिला जातो. गुरूकडून विद्या घ्यायची, तिचे मोल काय मागायचे? परंपरेचे नाव घ्यायचे तर ती पूर्ण आठवावी. गुरुकुलातील शिष्य गुरूच्या घरी जेवत होता. पुढच्या काळात माधुकरी मागून आणि वारावर जेवून शिकलेल्या मुलांची पिढीच्या पिढी महाराष्ट्रात उभी राहिली. आठवड्याचे सात वार सात घरांनी वाटून घेतले होते. विद्यार्थी कष्ट उपसत होता, पण त्याच्या अन्नाची चिंता समाजाने आपली मानली होती. शिष्याकडून सेवा घ्यायची आणि त्याच्या जेवणाचे नाव काढायचे नाही, याला आपल्या परंपरेत आधार सापडत नाही. निजामी राजवटीत मराठवाड्यातून पुढे आलेल्या केशवराव कोरटकरांनी वकिली केली, हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद भूषवले आणि आर्य समाज व शिक्षणसंस्थांसाठी आयुष्यभर खस्ता खाल्ल्या. वकील हा समाजाचा आधारस्तंभ असतो, हे त्या पिढीने भाषणात सांगितले नाही.

गावाकडून आलेल्या मुलाची कोंडी आणखी एका कारणाने होते. सनद मिळाल्याच्या दिवसापासून गाव त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणू लागते. ज्याला चावडीवर वकीलसाहेब म्हणतात त्याने एसटीच्या भाड्यासाठी वडिलांपुढे हात पसरायचा! वडिलांनाही वाटते, पाच वर्षे शिकवले, आता मिळवायला काय हरकत? दोन वर्षांत तो स्पर्धा परीक्षेच्या वर्गात किंवा एखाद्या पतसंस्थेच्या वसुलीखात्यात दिसतो. ज्याचे वडील किंवा काका वकील आहेत तो टिकतो. मुलींच्या बाबतीत तर तिसऱ्या वर्षाआधीच लग्नाची बोलणी सुरू होतात, आणि संध्याकाळी सातनंतर ऑफिसात थांबणे अनेक घरांना मान्य नसते. शिकण्याची खरी वेळ मात्र तीच असते, कारण साहेब त्याच वेळी मोकळे असतात. ज्येष्ठांनी मसुदा चर्चेची वेळ दोन तास अलीकडे आणली तरी यातले बरेच सुटेल.

दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने १९९२ मध्ये स्थापन झालेल्या अधिवक्ता परिषदेपुढे आणि तालुक्या-तालुक्याच्या वकील संघांपुढे येथे हाताला येण्याजोगे काम आहे. दर शनिवारी दोन तास बसणारे अभ्यासमंडळ, त्यात एकदा खासरा पत्रकाचे वाचन, एकदा उलटतपासणी, एकदा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची जुन्या कलमांशी तुलना. एखादा उर्दू जाणणारा निवृत्त महसूल कर्मचारी गावात असेल तर त्याला सन्मानाने बोलवावे. वकील संघाचा छोटा सामायिक निधी, ज्यातून पहिली दोन वर्षे प्रवासखर्च आणि एक वेळचे जेवण निघेल. आणि ज्याला खर्च शून्य, अशी एक गोष्ट: वकीलपत्रावर ज्युनिअरचेही नाव घालावे आणि लहान दाव्यातील एक साक्षीदार त्याच्या हवाली करावा.

२०२५ च्या निकालाप्रमाणे तीन वर्षांच्या वकिलीचे प्रमाणपत्र किमान दहा वर्षे वकिली केलेल्या अधिवक्त्याने द्यायचे आहे आणि त्यावर तेथील प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे अनुमोदन लागते. त्या वर्षी सनद घेतलेली जालन्याची मुले २०२८ मध्ये या सहीसाठी आपापल्या साहेबांच्या ऑफिसात येतील. त्या वर्षी सनद किती जणांनी घेतली, याची नोंद वकील संघांकडे आहे. सहीसाठी किती आले, तेही त्याच वहीत शेजारी मांडून ठेवता येईल.