शपथेने नशा सुटत नाही

दरवर्षी २६ जूनला, जागतिक अमली पदार्थविरोधी दिनी, अनेक शाळांत एक सोहळा पार पडतो. मुले रांगेत उभी राहून शपथ घेतात, पोलीस ठाण्यातून आलेले साहेब भाषण करतात, मौलाना नशा हराम असल्याचे बजावतात, फोटो निघतो. पुढच्या जूनपर्यंत या विषयाला सुट्टी. आमचे म्हणणे असे की, हे शिक्षण नव्हे, ही जबाबदारी झटकण्याची रीत आहे.

मुलांच्या हाती नशा कोणती लागते ते आधी पाहू. व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्युशन दुकानात उघड मिळते. मालेगावात जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात, ती मुळात डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळायची गोळी आहे. केंद्र सरकारने एम्समार्फत करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. हुंगण्याची नशा ही एकच अशी निघाली की जिचे प्रमाण प्रौढांपेक्षा १० ते १७ वर्षांच्या मुलांत जास्त आहे. या एकाच नशेपायी मदतीची गरज असलेली मुले सुमारे ४ लाख ६० हजार! ही मुले आपल्याच बाकांवर बसतात किंवा कालपर्यंत बसत होती.

भीती घालून मुले सुधारतात, हा समज जुना आहे आणि खोटा ठरला आहे. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन नशेचे दुष्परिणाम सांगे. तो देशभर पसरला, त्यावर अमाप पैसा खर्च झाला. पुढे तिथल्या सर्जन जनरल या वरिष्ठ आरोग्य अधिकाऱ्याच्या २००१ च्या अहवालाने त्याची गणना निष्फळ कार्यक्रमांत केली. जे तिथे फसले, त्याचीच एक दिवसाची नक्कल इथे का चालावी? उपयोग झाला तो जीवनकौशल्यांच्या शिक्षणाचा. दोस्ताला 'नाही' कसे म्हणायचे, राग आला तर काय करायचे, मन खचले तर कोणाशी बोलायचे, याचा वर्गात वारंवार सराव. जो मुलगा राग आवरायला शिकतो, तो गोळीपासून दूर राहतो आणि चाकूपासूनही.

कोणी म्हणेल, नशा हराम आहे हे सांगितले की पुरे. आम्ही विचारतो, ज्या धर्माच्या नावाने हे सांगता, त्याने तरी तसे केले का? मुफस्सिरांच्या मते शराबबंदीचा हुकूम टप्प्याटप्प्याने आला. आधी तिच्यात फायद्यापेक्षा गुनाह मोठा असल्याचे सांगितले गेले, मग नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली आणि शेवटी पूर्ण बंदी आली. माणसाची तयारी करून घेण्याची ही हिकमत आमच्या जुम्म्याच्या बयानांत का उतरत नाही?

आता छडीबद्दल. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मुलांना मारण्यास आणि त्यांच्या मानसिक छळास बंदी केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होत नसल्याचा निर्णय दिला. तो आधार होता घटनेच्या कलम ३० चा, आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याच्या आणि चालवण्याच्या हक्काचा. छडी ही कोणाची संस्कृती? कायदा सांगो न सांगो, आपल्या संस्थांनी स्वतःहून ठराव करून ती बंद करायला हवी. जिथे गणित चुकले म्हणून कानाखाली बसते, तिथे अहिंसेचा धडा कोण ऐकणार? ज्याच्या हातात ताकद, त्याने मारायचे, हेच मूल तिथे शिकते.

आणि सर्वांत मोठा गुन्हा दाखल्याचा. मुलगा नशेत सापडला की बोभाटा नको म्हणून संचालक मंडळ त्याच्या बापाच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला ठेवते. शाळेची अब्रू वाचते, मुलगा मात्र त्या दिवसापासून पूर्णवेळ विकणाऱ्याच्या ताब्यात जातो. कायदा याहून शहाणा आहे. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून सूट मिळते. कायदा देणाऱ्याला पकडतो, घेणाऱ्याला उपचार देतो. आपल्या शाळा देणाऱ्याचे नाव घेत नाहीत आणि घेणाऱ्याला हाकलतात.

आमच्याच मोहल्ल्यांची बदनामी का, हा सवाल रास्त आहे. नशा मोठ्या सोसायट्यांतही आहे आणि तिच्यावर कोणाच्या जातीधर्माचा शिक्का नाही. पण बदनामीच्या भीतीने गप्प बसलो, तर किंमत मुले मोजतात.

१४ डिसेंबर २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा विषय अभ्यासक्रमात आणण्यास सरकारला सांगितले. सरकारकडे त्याचा जाब मागूच. पण आपल्या संस्थांना कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. आठवड्याला एक तास, त्यासाठी तयार केलेला एक शिक्षक आणि एक शिक्षिका, छडीबंदीचा ठराव आणि सापडलेल्या मुलाला दाखल्याऐवजी दवाखान्याची वाट. एवढे ज्या संचालक मंडळाला जमत नाही, त्याने २६ जूनला मुलांकडून शपथ घेऊ नये. आधी स्वतः घ्यावी.